लस घेतली का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

माय, तुझी नात बरी आहे, हे आधी सांगतो. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. शाळेतल्या मुलांना करोनाची लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा ती दहावीत होती, कबड्डी खेळायची. आपल्या देवळी गावात लोक लशीला भीत होते आणि मी पेपरात लिहीत होतो की भिऊ नका. ते खोटं नव्हतं. त्या साथीत आपल्या ओळखीची कितीतरी माणसं गेली. शेवटी मी लेकीलाच पहिल्या दिवशी रांगेत उभं केलं आणि बाही वर केलेला तिचा फोटो छापला. चौकातला चहावाला म्हणाला, "भाऊ, पोरगी नाई भ्याली, मंग आमी काऊन भ्याचं?" मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या डोसनंतर दोन-तीन दिवसांनी ती स्वयंपाकघराच्या दारात छाती धरून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, श्वास घेतला का दुखून राह्यलं." मी बातमी पाठवत होतो. गॅस असेल म्हणालो, ओवा चावायला दिला, आणि शाळेत कोणाजवळ बोलू नको, हेही सांगितलं. रात्र तिनं बसून काढली. सकाळी वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, इतक्यात ताप, सर्दी, एखादी लस? मी म्हणालो, तसं विशेष काही नाही. लेक माझ्याकडे पाहत राहिली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "लस घेतली न मी, या हप्त्यातच. बाबाले माहीत आहे."

आणि मी सहा वर्षांचा, तळेगावच्या दवाखान्यात आहे. चंद्रज्योतीच्या विषारी बिया खाऊन ओकतो आहे, काहीच खाल्लं नाही म्हणतो आहे. तू माझी हनुवटी धरतेस. "माह्यापाशी खोटं बोल, चालते. डाक्तरापाशी नोको बोलू, बाबू. जीव जाईन."

डॉक्टर रागावले नाहीत. तपासण्यांत हृदयाच्या स्नायूला सूज निघाली. लशीनंतर असं क्वचित होतं, बहुतेक मुलं बरी होतात, पण वेळेवर यायला हवं, असं ते म्हणाले. करोनाच्या आजारातही अशी सूज येते, तेव्हा लस देणं चुकलं असं मनात आणू नका, असंही म्हणाले. काही महिने धावणं बंद. ती मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणींच्या चपला सांभाळायची. आता पुन्हा खेळते.

लशीनंतर मुलाच्या छातीत दुखलं तर घरी थांबू नका, एवढंच छापायचं होतं. त्यात लशीची बदनामी नव्हती. संध्याकाळी बातमी पाठवायची वेळ मी कधी चुकवली नाही, पण ही बातमी आजवर दिली नाही. लोक घाबरतील म्हणून, असं लेकीला सांगत आलो. तिनं कधी वाद घातला नाही. लोकांची काळजी नव्हती, माय. माझं हसं होईल, एवढीच भीती होती. हे तिला सांगायला हवं. ती पलीकडच्या खोलीत जागी आहे, आणि मी तुला लिहीत बसलो आहे.