आपल्या घराण्याला माशी डसत नाही

आप्पा, तुमची नात गेल्या आठवड्यात मरणाच्या दारात जाऊन आली, आणि याला कारण तुम्ही. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, तुमचा चेहराही तिला आठवत नाही. पण तुमची फुशारकी मात्र तिच्यापर्यंत बरोबर पोचली. ‘आपल्या घराण्याला माशी डसत न्हाय, देवीचा शब्द हाय.’ गडाच्या कड्यात देवीची घळ, घळीच्या वर आग्या मोहोळाची लोंबती पोळी, आणि जत्रेच्या दिवशी खाली जमलेलं अख्खं गाव. पुजाऱ्याचा मान आपला. तुम्ही उघड्या अंगाने एकटेच वर जायचात, पोळ्यांखाली धूप जाळायचात आणि ताठ मानेने खाली यायचात. लोक पाया पडायचे. सूज दिसायच्या आत तुम्ही तडक घर गाठायचात, आणि गावाला सांगितलं जायचं की आप्पा अनुष्ठानाला बसले.

कसलं डोंबलाचं अनुष्ठान! आतल्या खोलीत तुम्ही भोपळ्यासारखे सुजून कण्हत पडलेले असायचात. आई सुरीच्या पात्याने तुमच्या पाठीतले काटे खरवडून काढतेय, चुना लावतेय, मी शेजारी कंदील धरून उभी. दारात कोणी आलं की आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर जाते आणि सांगते, ते बोलत नाहीत सध्या. बोलणार कसे, बोलायला ओठ कुठे शिल्लक होते? एकदा मी विचारलं की धूप नाही घातला तर चालणार नाही का, निदान घोंगडी तरी घ्या अंगावर. तुम्ही एका डोळ्याने माझ्याकडे बघितलंत, दुसरा मिटला होता, आणि म्हणालात, “घोंगडी घेऊन गेलो तर मग मी कोण?” आठवलं की अजून डोकं सणकतं. घोंगडी घेतलेला शहाणा माणूस, दुसरं कोण?

तुमच्यामागे पूजा मी खाली पायथ्याच्या पायरीशी आणली. देवी काही रुसली नाही, गाव थोडं रुसलं. मग ट्रेकरांचं खूळ आलं. मांडव्याला बोटीतून उतरतात, गाड्या करून आपल्या ओटीवर येतात, पोहे खातात आणि गड चढतात. शांततेसाठी आलोय म्हणतात, आणि पाठीवरच्या सॅकला गाणी बोंबलणारा डबा अडकवलेला. अंगावर सेंट इतकं की गोठ्यातली म्हैस मान फिरवते. अशा दिवट्यांना तुमची नात गड दाखवायला नेते. तिने तुमची गोष्ट उकरून काढली आणि मोबाईलवर टाकली: इथल्या पुजारी घराण्याला माशी डसत नाही, या आणि डोळ्यांनी बघा. झुंबड उडाली. बाकीचे खाली थांबायचे, ही उघड्या डोक्याने घळीच्या तोंडाशी उभी राहायची.

आठवड्यापूर्वीच्या रविवारी एका शहाण्याने तिचा व्हिडिओ काढायला ड्रोन उडवला आणि नेला थेट पोळ्यापाशी. पोळं उठलं. तिने आधी त्या लोकांना ओरडून खाली पळवलं, एवढं मी तिचं कौतुक करीन. पण स्वतः पळाली नाही. कोणीतरी अजून फोन धरून उभं होतं ना! मग पळणार कशी, तुमची नात. ती खाली कोसळली तशी गावातली माणसं गोधड्या पांघरून वर गेली आणि तिला झोळीत घालून आणली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हिच्या अंगाला आता माशीचं विष सोसणार नाही. पुन्हा डसली तर गळा आतून सुजेल आणि इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही.

त्या संध्याकाळी खाटेजवळ बसून मी तिला तुमच्या आतल्या खोलीचं सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल, चिडेल. सुजलेल्या ओठांतून ती म्हणाली, “माहितेय गं. आजीने मला कधीच सांगितलेलं. मी पण याआधी डसून घेतलंय, तेव्हा उरणला मैत्रिणीकडे जाऊन राहिले होते.”

मी विचारलं, मग कशाला जातेस?

“जाळी घालून नेणारे सगळ्याच गडांवर आहेत, आई. माझ्याकडे लोक यासाठीच येतात.” आणि पुढच्या रविवारचा ग्रुप ठरलाय, तो ती रद्द करणार नव्हती.

काल तो ग्रुप आला. मी ओटीच्या पायरीवर उभी राहिले आणि गावातल्या चार माणसांच्या देखत सांगितलं, “माझा बाप दर जत्रेला सुजून पडायचा. ही माझी लेक मरता मरता वाचलीय. आम्हालाही माशी डसते, तुम्हालाही डसेल. कड्यावर पोळी आहेत तोवर वर कोणी जायचं नाही.” गावातले म्हातारे खाली मान घालून निघून गेले. एक पोरगा तेवढ्यातही विचारतो, काकी, निदान फोटोपुरतं जाऊन येऊ का? अक्कल वाटत होते तेव्हा हे लोक कुठल्या गडावर होते कोण जाणे.

लेक माझ्याशी बोलत नाही. काल रात्री ताट घेऊन ती मागल्या पडवीत जाऊन जेवली. गावात म्हणतायत, मुलीने मेलेल्या बापाची अब्रू काढली. काढली. तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे, हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचलं असतं तरी तुम्ही मिशीला पीळ देऊन बाजूला ठेवलं असतंत. पण तिच्या हातापायांवरची सूज उतरलीय, आणि आज सकाळी तिने चढायचे बूट घासून उन्हात ठेवलेत. आप्पा, मला भीती वाटते. आपल्या घरात हे वाक्य कुणी कधी बोललेलं मी ऐकलं नाही, आणि तिच्यासमोर ते माझ्याही तोंडून फुटत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं.