वेठीचा अर्ज

ज्येष्ठ वद्य तृतीया, फसली १३३१

आज देशमुखाच्या ओसरीवर सभा! विषय काय, तर गावातले गरीब गरीब का? त्रिंबकराव देशमुख, दोनशे एकरांचा धनी, लोडाला टेकून सुपारी कातरीत म्हणतो, "लोक आळशी झालेत, मास्तर." गहिनीनाथ पाटलाने लगेच मान डोलावली. ती मान त्यासाठीच आहे.

आणि मागे गोठ्यात बंकट शेण काढतोय. फुकट, वेठ म्हणून! पाऊस झाला, पेरणीचा वाफसा आलाय, आणि त्याच्या चार एकरांत अजून तिफण नाही. आळशी म्हणे! थू!

वद्य चतुर्थी

देशमुखाने बंकटला आज पुन्हा बोलावलं. निर्लज्ज!

वद्य पंचमी

आता पाटलानेच बंकटला पकडून धारूरला धाडलं — कुणा साहेबाच्या दौऱ्याचे तंबू वाहायला. आठवडाभर सुटत नाही. पाटलाला विचारलं, तर दात काढतो — "सरकारी काम हाय, मास्तर. तुमी कावून मधी पडता?" स्वतःच्या भावकीतला एक माणूस पाठवला नाही लेकाने!

वद्य षष्ठी

ठरलं. वेठीविरुद्ध अर्ज, थेट बीडच्या कचेरीत. गरिबी समजायला सभा कशाला लागते? एकाचे पेरणीचे दिवस दुसरा फुकट नेतो — झालं! या गावात ताठ कण्याचा माणूस एकच आहे, आणि तो ही वही लिहितोय.

वद्य सप्तमी

बंकटची बायको बायनाबाई आली. अर्ज तिच्या नावाने. "वाफसा गेला तर वरीसभर खावं काय, मास्तर?" रडायला लागली. मलाही भरून आलं. लिहायला बसलो. म्हटलं, वेठ कोण कोण घेतं? सगळी नावं सांग, भिऊ नको.

"देशमुख. पाटील." आणि उठू लागली.

बोल की!

"आन तुमी."

मी?

"दर बाजारच्या दिवशी सरपणाची मोळी टाकते न्हाई का तुमच्या दारात? पाटलानं लावून दिलंय. डोंगरात सगळा दीस जातो."

चार वर्षं मी समजत होतो, मास्तर म्हणून आदराने आणते! तरी म्हणालो, तिसरं नावही लिहितो.

वद्य अष्टमी

अर्ज तयार. बायनाबाई म्हणाली, "एकडाव वाचून दाखवा." तिन्ही नावं मोठ्याने वाचली. "लई उपकार झाले," म्हणाली आणि अंगठा उठवला.

कागदावर नावं दोनच आहेत.