यंदाची यादी अठरा नावांची

अब्बा,

यंदा आपल्या फुटबॉल संघाची यादी मी केली. तुम्ही गेल्यापासून ती कुणीतरी घाईघाईत करायचं, नोंदणीच्या आदल्या दिवशी, चहा पिता पिता. यंदा कमिटीने मला बोलावून सांगितलं, तू कर. मी केली. आणि तुम्ही कोयनानगरहून आणलेल्या गोलीची, आपल्या गोलरक्षकाची, सूतगिरणीतली नोकरी त्या यादीमुळे गेली. हे आधीच सांगून टाकते. शेवटासाठी ठेवलं तर मधल्या मध्ये मी स्वतःची बाजू मांडत बसेन, आणि तुम्ही कुणाचंही ऐकताना हलवायचात तशी मान हलवत राहाल.

घरात आपण आपल्या हिंदीत बोलायचो, पण फुटबॉलचा विषय निघाला की तुम्ही मराठीवर यायचात. मैदानावरची माणसं मराठीत भांडायची, म्हणून असेल. मलाही या गोष्टी दुसऱ्या भाषेत सांगता येत नाहीत. पावसाळ्यात गाद्यांचं काम बंद पडायचं. कापूस ओल धरतो, पिंजला तरी फुलत नाही, आणि अशा दिवसांत नवी गादी भरून घेणार कोण. संघही तेव्हाच मोकळा असायचा. हंगाम संपलेला, मैदानात चिखल, खेळाडूंचे वर्षाचे करार सुटलेले. ज्याला दुसऱ्या संघाने जास्त मानधन कबूल केलं तो निघून जायचा, ज्याला कुणी विचारलं नाही तो आपल्याच दारात वाट बघत बसायचा. तुम्ही दुकानात कापसाच्या गठ्ठ्याला टेकून यादी करायचात: कुणाला ठेवायचं, कुणाला जाऊ द्यायचं, कुठल्या गावातून कुणाला आणायचं. संघ गिरणीच्या पैशावर चालायचा, आणि त्याच्या कमिटीत तुमचं नाव नव्हतं. तुम्ही नुसते गादीवाले, फुकटात जर्सीवर नंबर शिवून देणारे. तरी सेक्रेटरी सायकल टेकवून आत यायचे आणि विचारायचे, "भाई, झाली का न्हाई यादी? का अजून कापूसच मोजताय?"

तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षराची लाज वाटायची म्हणून तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. दरवर्षी बावीस नावं. सामन्याला अठरा लागतात. उरलेली चार तळाशी, 'राखीव' या शब्दाखाली. एकाचे केस पांढरे झालेले होते, एकाचा पाय मोडून दोन वर्षं झाली होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आपण स्वयंपाकघरात बसलो होतो, कारण दुकानात गळत होतं, आणि अम्मी भाकरी थापत होती. मी म्हणाले, "अब्बा, हा तर पळतपण नाही. ह्याला कशाला लिहायचं?" आणि त्या नावावर रेघ मारली. तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "लिही म्हटलं की लिहायचं. तुला खोडायला बसवलं न्हाई." तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला एवढं एकदाच आठवतं. अम्मी पाठमोरीच म्हणाली, "पोरगी खरं बोलली की ह्यांना झोंबतं." मी रुसून बसले आणि मनाशी ठरवून टाकलं की माझे अब्बा फार मऊ आहेत, आणि म्हणून आपला संघ तळाला असतो. हे मत मी इतकी वर्षं सांभाळलं. मोठी होताना मला त्याचा अभिमानच वाटत होता.

गोलीला आणायला गेलो तो दिवस आता मी पुन्हा पुन्हा पाहते. कराडला एसटी बदलून आपण पाटणच्या पुढे चढतोय, वळणांनी मला मळमळतंय, तुम्ही मला लिंबू हुंगायला देताय. कोयनानगरच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर. गोली एकोणीस वर्षांचा, दारात उभा, हात इतके मोठे की कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाहीये. दुसऱ्या दोन संघांची माणसं आधीच येऊन गेली होती आणि त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त मानधन बोललं होतं. तुम्ही त्याच्याशी बोललातच नाही. त्याच्या आईशी बोललात. ती म्हणाली, "आवं, खेळ चार दिसाचा. मागनं काय? धरणाचं काम सरलं तशी आमच्याकडं किती माणसं रिकामी झाली, तुमास्नी ठाव न्हाई." तुम्ही म्हणालात, "आई, गिरणीत लावतो त्याला. खेळ सुटला तरी काम सुटणार न्हाई. मी हाय." तिने मला बेसनाचा लाडू दिला. मी तिथेच बसून खाल्ला, अब्बा. मी ऐकत होते. ते वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. नंतरचं थोडक्यात सांगते. दुकान मामूने चालवलं. अम्मीने मला शिकवलं. विश्रामबागच्या कॉलेजातून मी संख्याशास्त्रात पदवी घेतली, आणि निकालाच्या दिवशी ती कागदाकडे बघत म्हणाली, "हे कुठं लावायचं, भिंतीला ओल हाय." आपल्या घरात पदवीचा तो पहिलाच कागद होता. मला त्याचं काहीतरी करायचं होतं. नुसती नोकरी नाही, काहीतरी नीट. जिथे ओळखीने आणि दयेने कारभार चालतो तिथे एकदा तरी खरं मोजून दाखवायचं. दोन हंगाम मी प्रत्येक सामना मोबाइलवर टिपला. कोण किती धावतो, कुठल्या बाजूने गोल होतात, शेवटच्या पंधरा मिनिटांत कोण थकतं. कमिटीने विचारलं तेव्हा माझा आराखडा तयारच होता. छापून, पानं एका कडेला शिवून घेऊन गेले. अठरा नावं. बाहेरून आणायचे चार, सोडायचे आठ, प्रत्येकापुढे कारण. गोलीपुढे मी लिहिलं होतं: उजवा गुडघा, खालच्या चेंडूला उशीर, वय चौतीस, सोडावा. ते वाक्य लिहिताना मला वाईट वाटलं होतं. वाईट वाटूनही लिहिलं याचंच मला कौतुक वाटलं.

बैठकीला गिरणीचे नवे साहेब होते. सेक्रेटरी आता फार थकलेत, सायकल सुटली, रिक्षाने येतात. त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, भाईंची यादी बावीसची असायची."

मी म्हणाले, "म्हणूनच आपण कायम खाली असायचो."

साहेब मोठ्याने हसले. बाकीचेही हसले. मलाही हसू आलं. सेक्रेटरी साहेबांकडे बघत होते, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "यादी म्हंजी नुसती खेळायची नसती गं." मला वाटलं हीच ती जुनी सवय, हेच आपल्या माणसाला सांभाळून घेणं. मी त्यांना माझ्या तक्त्यातले आकडे दाखवले. त्यांनी कागद मिटला. यादी मंजूर झाली, आणि साहेबांनी मला विचारलं की मी गिरणीच्या हजेरीचंही असं काही करून देईन का.

मला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला माहीत होतं. संघाची यादी दर पावसाळ्यात गिरणीच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या कचेरीत, जाते. खेळाडू म्हणून कामाला लावलेल्यांचे फाटकावरचे पास त्या यादीवरून पुढच्या वर्षासाठी नवे होतात. नाव आहे तर पास आहे. तो माणूस खेळतो की नाही, तिथे कुणी बघत नव्हतं, आणि हे कुठे लिहिलेलंही नव्हतं, म्हणून साहेबांसमोर सेक्रेटरींना बोलता येत नव्हतं. पांढऱ्या केसांचा, मोडक्या पायाचा, ती तुमची चार राखीव माणसं दिवसभर सूत गुंडाळण्याच्या खात्यात उभी असायची. संघ तळाला जायचा आणि त्यांच्या घरात चूल पेटायची. तुम्ही मऊ नव्हता. तुम्ही हिशेबी होता, फक्त तुमचं मोजायचं वेगळं होतं. पण अब्बा, मला हेही म्हणायचंय की तुम्ही ते मला सांगायला हवं होतं. पेन काढून घेतलंत, त्यापेक्षा दोन वाक्यं जास्त बोलला असतात तर? मी लहान होते, पण लाडू खाता खाता सगळं ऐकण्याएवढी मोठी होते.

मी सोडलेल्या आठांत गिरणीत कामाला एकटा गोलीच होता. यादी लागल्यानंतरच्या सोमवारी त्याला फाटकावर थांबवलं. मला मंगळवारी कळलं. मी धावत सेक्रेटरींच्या घरी गेले. ते ओसरीत पाय शेकत बसले होते. मी म्हणाले, नाव घाला, मी कमिटीला लिहून देते, माझी चूक झाली. ते म्हणाले, "साहेबाला अठराची गोडी लागली. आता एक घालायचं म्हंजी एक काढायचं. सांग, कुणाचं काढू?" आणि खरोखरच कागद माझ्यापुढे धरला. मी वरपासून खालपर्यंत वाचला. त्यातले सात गिरणीत कामाला होते, ते मला आता ठाऊक होतं. एकाची बायको बाळंतीण होती. एकाचा बाप अंथरुणाला खिळलेला. अर्धा तास मी तो कागद धरून बसले आणि मग परत दिला. सेक्रेटरी म्हणाले, "भाईला पण ह्यो कागद जड जायचा. म्हणून तर तो बाविसावर थांबायचा. तेविसावा पण असायचाच की." ते माझं सांत्वन करत होते की मला टोचत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी गोलीच्या घरी गेले. गिरणीची खोली सोडायला त्यांना महिना दिला होता. भांडी पोत्यात भरून झाली होती. त्याची बायको दारातच म्हणाली, "शिकलेली हायस न्हवं? इंग्रजी, आकडे, समदं येतंय. मग आमच्या घरात चार खाणारी हायती, ह्यो आकडा कसा न्हाई दिसला तुला?" आतून गोली म्हणाला, "ए, गप. तिनं काय खोटं लिवलंय? गुडघा वाकतच न्हाई." आणि मला म्हणाला, "ये, बस. बापानं आणलं, लेकीनं सोडलं. घरचाच कारभार म्हणायचा." तो हसला. खरंच हसला, कुचकट नाही. त्याने मला चहा पाजला. मी त्याची माफी मागणार होते, पण त्याने विचारलं, "नवा गोली कोण आणलास?" आणि मी त्याला त्या पोराची माहिती सांगत बसले. उंची, झेप, डावी बाजू. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्येला सांग, पूर्वेकडनं संध्याकाळी खेळताना ऊन डोळ्यांत येतंय. टोपी घालून खेळ म्हणावं." माफी राहून गेली.

कोयनानगरला तो परत गेला नाही. आई म्हातारी आहे, तिला काय सांगायचं, असं म्हणाला म्हणे. आता तो हळदीच्या एका गोदामात पोत्यांची तोंडं सुतळीने शिवतो. हमाली त्या गुडघ्याने होत नाही. मी एकदा रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. पाय लांब करून बसला होता, बोटं, केस, बनियन सगळं पिवळं. इतके मोठे हात, आणि सुई त्यात दिसतही नव्हती. मी पलीकडे गेले नाही. मुलीची शाळा त्यांनी बदलली, मोठ्याची सोडवली. साहेबांना मी हजेरीचं काम करून देणार नाही म्हणून कळवलं, तर त्यांनी ते दुसऱ्याकडून करून घेतलं. माझ्या नाही म्हणण्याने काही थांबलं नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत न्यायचं तर कबरस्तानात जावं लागेल, आणि आपल्याकडे बायका आत जात नाहीत. धाकट्या भावाच्या हाती दिलं तर तो वाचेल. त्याच्या मते मी काहीही चुकीचं केलेलं नाही, आणि त्याने तसं म्हटलेलं मला ऐकायचं नाही. म्हणून हे माझ्या कपाटात राहील.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही. गेल्या रविवारी हंगामाचा पहिला सामना होता. जाणार नाही असं ठरवलं होतं, गेले. शेवटच्या मिनिटांत आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली. नव्या पोराने डावीकडे झेप घेऊन ती अडवली, मी लिहिलं होतं अगदी तशीच. मी उभी राहून ओरडले, अब्बा. टाळ्या वाजवून हात लाल झाले. गोली आलाय का, ते मी त्यानंतर पाहिलं. तो आला नव्हता. मला बरं वाटलं.