समोरच्याला बुडवणारे पाणीदर

२ फेब्रुवारी
समोरच्या घरातल्या पाइपवाल्याने आज पुन्हा पाइप लावून गाडी धुतली. फवारा थेट माझ्या नव्या पँटवर. वर हसून म्हणतो, "राहू द्या हो, वाळेल." मी बोलत नसतो, करून दाखवतो.

५ फेब्रुवारी, सकाळ
पेपरात नोटीस. नगरपालिका घरगुती पाण्याचे दर नव्याने ठरवणार, त्यासाठी जाहीर सुनावणी. आंधळा मागतो एक डोळा.

८ फेब्रुवारी
पाणी खात्याच्या साहेबांना भेटलो. पंपांची वीज, गळती, दुरुस्ती, पगार असा वर्षाचा खर्च काढायचा आणि नळधारकांवर वाटायचा, म्हणाले. सगळ्यांना एकच दर लावायचा, की जास्त वापराला चढे टप्पे करायचे, हे अजून ठरायचंय. मी म्हटलं, टप्पे करा. जिन्यासारखे उभे. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. हुशार माणूस त्यांना रोज कुठे भेटतो.

बायको म्हणाली, आपण नऊ माणसं एका मीटरवर, समोर नवरा-बायको दोघंच. मी म्हटलं, आपण काटकसरी आहोत. ती हसली. वहिनीही हसल्या. धोरण हा घरात बोलायचा विषयच नाही.

१७ फेब्रुवारी
सुनावणी. पाइपवाला आधी उठला. टप्पे लावताना घरातली माणसं मोजा म्हणे, मोठ्या कुटुंबांवर अन्याय नको. याला कशाला आमच्यासारख्यांचा पुळका? नक्की काहीतरी काळंबेरं. मी ताडकन उठलो. म्हणालो, "पाणी माणसं बघून येत नाही, मीटरमधून येतं. मीटरच मोजा." टाळ्या. सभापतींनी वाक्य लिहून घेतलं. पाइपवाला खाली बसला. चेहरा बघण्यासारखा होता.

३ मार्च
मंजूर. मीटरवार टप्पे. समोर बघून मुद्दाम शीळ घातली. त्याने हात हलवला. बिचारा.

४ मे
बिल आलं. मीटर बिघडलाय.

६ मे
मीटर ठणठणीत आहे. तपासनीस म्हणाला, सगळ्यांत वरच्या टप्प्यात अख्ख्या गल्लीत आम्हीच. पाइपवाला तळाच्या. नऊ आंघोळी आणि नऊ जणांचे कपडे यांच्यापुढे एक गाडी म्हणजे किस झाड की पत्ती, हे कुणी आधी सांगायला नको?

८ मे
साहेबांकडे गेलो. माणसं मोजा म्हटलं. त्यांनी ठराव काढून कारण वाचून दाखवलं. माझंच वाक्य. भाषा मात्र सुरेख होती.

९ मे
दादाने घरात फर्मान काढलं: प्रत्येकी एक बादली, मला अर्धी. सख्खा थोरला भाऊ. बायकोला म्हटलं, तू तरी काही बोल. ती म्हणाली, "भाषण तुमचं, अर्धी बादली तरी का?"

१३ मे
पाइपवाला दारात. "भाऊ, आंघोळीला आमच्याकडे येत जा. आमचा टप्पा भरतच नाही." तोंडावर दार लावलं. माणसाला स्वाभिमान असतो.

१५ मे, सकाळ
गेलो. काल ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने नाक धरून खिडकी उघडली होती, म्हणून. साबण त्यांचाच. पाण्याला जोर उत्तम. मुद्दाम बराच वेळ शॉवरखाली उभा राहिलो. याला वरच्या टप्प्यात ढकलल्याशिवाय आता मी घरी आंघोळ करणार नाही.