खदानीतल्या खुणा

३० डिसेंबर, सोमवार
येळवस, म्हंजे आमची येळ अमावस्येची शेतातली पंगत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे समदं बांधून यंदा खदानीच्या काठाला जेवलो. जिथं मी खडी फोडली तिथं आता निळंशार पाणी. बदकं आलीत. उदगीर, लातूरहून लोक गाड्या घेऊन फोटू काढायला येतात. सरपंच सुवर्णा म्हणाली, "काका, पाहुण्यांना खदान दाखवायला माणूस पायजे. कराल का?" आमचे हे उंडा हातात धरून तसेच बसले. खदान बंद पडल्यापासून हा माणूस ओट्यावर बसून बसून ओटाच झाला होता. आज हसले. देवा, होऊ दे.

५ जानेवारी, रविवार
पहिला दिवस. फजिती!
लातूरची एक फॅमिली आलती. ह्यांनी "हितं सुरुंग लावायचो!" म्हणलं की त्यांचं लेकरू भोकाड पसरून रडाया लागलं. त्याची आई मला हळूच विचारती, "काका कशावर चिडलेत?" चिडलेत कशाचे! जन्मभर डिरील मशीन चालवली. कान गेले, आवाज राहिला. आमचं अख्खं गावच असं. मीठ मागितलं तरी पाहुण्याला भांडण वाटतं.
सुवर्णा म्हणाली, अजून एक रविवार बघू, न्हाईतर उदगीरचा शिकलेला गाईड लावू. तिचं बी खरंय. हे घरी येऊन जेवले न्हाईत.

७ जानेवारी, मंगळवार
हळू बोलायची शिकवणी. मी तीळ निवडत, हे समोर.
"हळू."
"हळूच तर बोलाय लागलोय!"
शेजारीण धावत आली, "काय झालं वो, भांडलाव का?" हसून हसून परातीतले तीळ सांडले. मेली शिकवणी.
झाडून गोळा करताना सुचलं. खदानीत तोंडानं बोलत कोण होतं? मशीनचा दणका, त्यात कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी आपलं. समदं हातानं चालायचं. मूठ आवळली की थांब. तळहात खाली दाबला की हळू. मी पाहुण्यांच्या मागं उभी राहते अन् खूण करते. हे म्हणाले, "जमंल."

१२ जानेवारी, रविवार
जमलं! म्हणजे आधी जमलं, मग बिघडलं, मग लईच जमलं.
मी मागं. तळहात दाबला की ह्यांचा आवाज खाली. पुन्हा दाबला, अजून खाली. तेवढ्यात नांदेडच्या कॉलेजातली एक पोरगी वळली. "काकू, हे काय करताय?" लाजून मेले. ह्यांनी मात्र समदं सांगून टाकलं. मग दगडाचं कुणाला काय पडलंय! जो तो खुणा शिकाया लागला. एवढी माणसं, अन् चिडीचूप. बदकं सुद्धा उठली न्हाईत.
मग हे पलीकडच्या काठाला गेले. तिथून पाची बोटं जुळवून तोंडाकडं नेली. जेवलीस का? लग्नाआधी रोज दुपारी वरच्या टप्प्यावरून हेच विचारायचे. मी खाली खडी फोडत. माझा हात आपसूक पोटावर गेला. जेवले.
टाळ्या. मला रडू आलं, अन् लई बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
सुवर्णा तिळगूळ घेऊन आली. "काकांचं काम पक्कं. पण काकू, तुम्ही बी पायजेत. ह्या खुणांना दोन माणसं लागतात."
मी? शाळेत कधी उभं राहून कविता म्हणली न्हाई मी! चार माणसांत नाव विचारलं तरी मी ह्यांच्याकडं बघते.
"अन् मी न्हाई म्हणलं तर?"
"शनिवारपतोर इचार करून सांगा," म्हणून ती उठली. ह्यांचा तिळगूळ तोंडात तसाच.

१८ जानेवारी, शनिवार
उद्या नांदेडहून बस येणार. सुवर्णाला आज दिवस मावळायच्या आत निरोप द्यायचाय. ह्यांनी चार दिवसांत एका शब्दानं विचारलं न्हाई. सदरा मात्र दोनदा इस्त्री करून ठेवलाय, म्हणून मलाच जास्त जड जातंय.
आत्ता भाकरी थापताना दारातून पाहिलं. अंगणाच्या टोकाला उभे. दोन बोटं चालवून दाखवली, अन् हात छातीला लावला. येतीस का, माझ्यासंगं?
ही खूण त्यांनी जन्मात एकदाच केली होती. लग्नाचं विचारताना. तेव्हा माझे हात दगडाच्या भुकटीनं माखलेले. आज पीठ. वहीला बी लागलंय.
ते अजून उभेच हायेत. तेव्हा मी दोन दिवस ताटकळत ठेवलं होतं. आज तव्यावरची भाकरी करपायच्या आत सांगावं लागंल.