लसणाचं पाणी

७ मार्च

सून आज मला शिकवायला निघाली! मला — चाळीस वर्षं या खोऱ्यातल्या कपाशीचा कृषी अधिकारी होतो मी.

"बाबा, यंदा बागेत औषध मारायचं नाही. शेडमधल्या सगळ्या बाटल्या काढून टाकू या."

ओयदिनला तिसरा महिना लागलाय. आधी दोनदा पडलं. म्हणून हो म्हणालो. मुलगा शेरझोद परदेशातून, समाराहून, फोनवर बायकोचीच री ओढतो — "करू द्या तिला, बाबा." तू बांध तिकडे लोकांची घरं. इथं बोलणी खायला मी आहेच.

बाटल्या दिल्या. एक सोडून.

१५ मार्च

बटाटा लावला. ओळींच्या मधून कांदा, कोथिंबीर. कडेने झेंडू — वासाने किडे फिरकत नाहीत म्हणे! वाफे मीच खणले. तिला वाकू कसं देणार? भिंतीपलीकडून होल्मत बघत होता.

"काय साहेब, सुनेकडे नोकरी धरली वाटतं?"

"धरली. पगार चहा आणि नान."

हसला मेला. मलाही हसावं लागलं.

२१ मार्च

नवरोज. बायको, सालोमत, गेल्यापासूनचा चौथा. सुमालक, गव्हाच्या अंकुरांचं सणाचं गोड, या वेळी ओयदिनने ढवळलं. चांगलं झालं होतं. तसं म्हणालो नाही.

१९ एप्रिल

गेल्या आठवड्यात मुळ्याच्या पानांना चाळणीसारखी भोकं पडली. उड्या मारणारे ते बारीक काळे किडे. ओयदिनने चुलीतली राख चाळली आणि सकाळी दव असतानाच पानांवर भुरभुरली. चार दिवसांत भोकं पडायची थांबली! माझ्या पुस्तकांत हे नव्हतं. असेलही. ती पानं आम्ही कधी उघडलीच नाहीत.

४ मे

आले. बटाट्यावरचे पट्टेरी भुंगे. पानांच्या खाली नारिंगी अंड्यांचे पुंजके.

ओयदिन साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन बसते. एकेक पान उलटायचं, भुंगा डब्यात, अंडी बोटांनी चिरडायची. कमरेवर हात देऊन उठते, पुढच्या झाडापाशी परत बसते. मला बघवेना.

"असे वेचून संपत नसतात ते."

"संपत नाहीत बाबा, कमी होतात."

उत्तर तयारच असतं!

१० मे

ती तीन दिवस आईकडे. निघताना बादली दाखवली — लसूण आणि रानातला कडू दवणा भिजवलेला. "संध्याकाळी पानांवर शिंपडाल ना?"

मान हलवली.

शिंपडलं. पण बाटलीतलं.

तासाभरात भुंगे टपाटपा खाली! किती वर्षांनी कुणी माझं ऐकलं.

१३ मे

आली ती तशीच बागेत शिरली. पानं उलटून पाहिली — एक भुंगा नाही. "बाबा! लागू पडलं लसणाचं पाणी!" लगेच शेरझोदला फोन — "बाबांनी केलं हो, तुमच्या बाबांनी!" माझे दोन्ही हात धरले तिने. हेच हात.

मग बटाट्यांमधली कोथिंबीर खुडली, धुतली, आणि मला काही सुचायच्या आत जुडी तोंडापाशी —

"नको खाऊ!" ओरडलोच मी.

"का?"

"मांजर मुतलंय तिथं."

हसत सुटली. पुन्हा धुवायला निघाली. मी जुडी हिसकावली आणि उकिरड्यावर फेकली. तिचं हसू तिथंच राहिलं.

१४ मे

ती उठायच्या आत मधल्या ओळी उपटल्या. कांदा, कोथिंबीर — सगळं. उठून दारात उभी राहिली.

"माझं काही चुकलं का, बाबा?"

खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते हे — "बाग माझी आहे. वाटेल ते करीन!"

होल्मतची बायको गल्लीभर सांगून आली, म्हातारा फिरला म्हणून. म्हणू देत. खाष्ट सासरा म्हटलेलं चालेल मला.

१६ मे

बटाट्याच्या झाडांखालून तिने काहीतरी वेचून आणलं. तळहात माझ्यापुढे धरला. ढालकिडे — लाल, काळ्या ठिपक्यांचे. मावा खाणारे, आपल्या बाजूचे. सगळे मेलेले.

"लसणाने हे मरतात?"

मी चहा ओतत राहिलो. पेला भरला, सांडला, तरी ओततच होतो.

दुपारी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. गाडीत बसण्याआधी तिने छातीवर हात ठेवून वाकून सलाम केला, रोजच्यासारखा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ मे

शेरझोद फोन उचलत नाही.

२५ मे

बटाट्याची सगळी झाडं उपटून खड्ड्यात पुरली. दोन दिवस लागले.

लिहितो एकदाचं. शहाऐंशी साल. फवारणीनंतर पाच दिवस बायकांना शेतात पाठवायचं नाही, हे मला तोंडपाठ होतं. वरून काम पुरं करण्याचा तगादा होता. मी दुसऱ्याच दिवशी पाठवल्या. त्यांत सालोमत होती. पोटुशी होती. त्या वर्षी पडलं. नंतर आणखी दोनदा, शेरझोदच्या आधी. दर हंगामात मी तेच करत होतो. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. मीही अशक्तपणाच म्हणालो. ती जाईपर्यंत म्हणत राहिलो.

२६ मे

ओयदिनला फोन केला. बाटलीचं सांगितलं. मग शहाऐंशीचंही. मधे थांबलो नाही.

मग म्हणाली — "शहाऐंशीचं मला माहीत होतं, बाबा. सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. म्हणाल्या, हे एक दिवस आपणहून बोलतील."

सालोमतला माहीत होतं. तीस वर्षं समोर बसून मला नान मोडून देत होती — आणि वाट बघत होती.