उजव्या हाताचा हट्ट

प्रिय आत्ये,

तरी तू ऐकलं नाहीसच ना! लॅपटॉपचं डावं बटन दाब, व्हिडिओ चालू होतो. उजवं दाबलंस तर नुसती यादी उघडते. हे मस्कतहून ओरडून ओरडून माझा घसा बसला. आणि तू? "हो रे पक्या, कळलं." काय कळलं?

तू गेलीस तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. आता भांडायला फोन कुणाला लावू? म्हणून लिहितोय.

काल तुझा लेक बंड्या फोनवर बोलला, "लॅपटॉप विकतोय. कोपरीतलाच एक जण न्यायला येतोय." मला लगेच वास आला. म्हटलं, आधी फोनचा कॅमेरा लॅपटॉपसमोर धर. बघतो तर काय, मी तुला पाठवलेला एकही व्हिडिओ जागेवर नाही!

"बंड्या, उडवलेस ना सगळे?"

"आईशप्पथ, मी हात पण नाही लावला."

आईशप्पथ! आता तुला काय होणार आहे? खुशाल घेतो!

मी त्याला स्क्रीनच्या कोपऱ्यातला तो कचऱ्याचा डबा उघडायला लावला. सगळे तिथेच पडलेले. समुद्रावरचा, नवीन शर्टातला, एसी बसवतानाचा. मग मी बंड्याला नको नको ते बोललो.

तेव्हा तुझी सून सुरेखा मध्ये पडली. "भावजी, यांना कशाला बोलताय? आईंनीच उडवलेत. नकळत."

मी व्हिडिओ पाठवायचो, सुरेखा ते लॅपटॉपवर उतरवून माजिवड्याला कामावर जायची. मागे तू एकटी. हातपाय धुऊन बसायचीस आणि उजव्या हाताने उजवं बटन दाबायचीस. यादी आली की तिच्यावर परत उजवं. त्यात ‘डिलीट’ बोटाखाली आलं की मी गायब! सुरेखा समजवायला गेली तर तू म्हणालीस, "डाव्या हाताने मी कधी प्रसाद नाही घेतला, आणि पोराचं तोंड बघू?"

अगं, मी डावं बटन बोललो, डावा हात कधी बोललो? उजव्या हाताचं बोट तिथवर पोचत नव्हतं का तुझं?

म्हणजे "बघितला रे, छान होता" हे सगळं खोटं! मला डाऊट होताच. एका व्हिडिओत तर मी नव्हतोच. खोलीतली शेगडी, वर भाताचं पातेलं आणि मागून माझा आवाज. तरी तू म्हणालीस, "किती बारीक झालायस!" तिथेच पकडलं तुला. बोललो नाही, पण नंतर व्हिडिओ पाठवणंच कमी केलं. बघत नाहीस तर कशाला पाठवू?

हे पण सुरेखाला ऐकवलं. ती म्हणाली,

"तोच एक बघितला त्यांनी. रविवार होता, मी घरी होते, मीच लावून दिला. परत परत लावायला लावला. म्हणाल्या, पातेलं बघ केवढंसं. एवढ्या भातात काय होतंय त्याचं? बारीक झाला असणार."

आत्ये, मी फोन तोंडासमोरून बाजूला केला.

मग बंड्याला सांगितलं, डब्यातल्या एकेका व्हिडिओवर उजवं बटन दाब, यादी येईल, त्यात ‘रिस्टोर’ दाब. सगळे परत जागेवर आले. बघ, इथे तुझं उजवंच लागलं!

आता सुट्टी मिळाली की येतो. तुझ्या फोटोसमोर लॅपटॉप मांडून राहिलेले सगळे लावणार. डावं बटन, पण उजव्या हाताने, घाबरू नकोस. आणि उद्याच मोठं पातेलं आणतो.

तुझा,
पक्या

ता.क. लॅपटॉप विकू देत नाही. मीच दिलेला लॅपटॉप मीच विकत घेतोय! बंड्या म्हणतो, गिऱ्हाईक पाच हजार देत होतं. हजार त्याने चढवलेच असणार. म्हणून त्याच्या नाही, सुरेखाच्या खात्यावर पाठवतोय, चार हजार.